तर्जनी उचलणारा स्नायू : एक्स्टेन्सर इंडिसिसविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाताच्या दुखापतीनंतर फिजिओथेरपीसाठी येणारे रुग्ण आणि शरीररचनाशास्त्र नव्याने शिकणारे विद्यार्थी यांच्याकडून मी अनेक वर्षे जे प्रश्न ऐकत आलो आहे, त्यांपैकी एकाच लहानशा स्नायूविषयीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. पाठ्यपुस्तकात हा स्नायू अर्ध्या पानात संपतो. मला मात्र तो हातातील फार महत्त्वाच्या स्नायूंपैकी एक वाटतो, कारण बाकीची बोटे मिटलेली असताना एकटी तर्जनी उभी करणे ही आपली रोजची कृती त्याच्याच बळावर होते, आणि वेळ आली तर हाच स्नायू आपली जागा सोडून अंगठ्याच्या मदतीला जाऊ शकतो.

एक्स्टेन्सर इंडिसिस हे नाव कशावरून आले?

लॅटिन भाषेत ‘एक्स्टेन्सर’ म्हणजे ताणून सरळ करणारा आणि ‘इंडिसिस’ म्हणजे दाखवणाऱ्या बोटाचा. आपल्याकडे याच बोटाला तर्जनी म्हणतात आणि तो शब्द ‘तर्ज्’ म्हणजे धमकावणे, दरडावणे या संस्कृत धातूवरून आला आहे. एका भाषेने या बोटाचे दिशा दाखवणे पाहिले, तर दुसऱ्या भाषेने त्याचे दटावणे पाहिले. दोन्ही कृतींत उरलेली तीन बोटे मिटलेली असतात आणि तर्जनी एकटीच ताठ असते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढची बहुतेक उत्तरे तिच्याकडेच वळून येतात.

हा स्नायू नेमका कोठे असतो?

कोपर आणि मनगट यांच्यामधील भागात, हाताच्या पाठीच्या बाजूला, आतल्या थरात. या बाजूला एकूण बारा स्नायू असतात. त्यांपैकी सात वरच्या थरात आणि पाच खोल थरात असून, एक्स्टेन्सर इंडिसिस हा त्या खोल पाचांतील मनगटाच्या सर्वांत जवळचा होय. करंगळीच्या बाजूचे जे हाड अल्ना, त्याच्या खालच्या भागाच्या मागील पृष्ठभागापासून आणि अल्ना व रेडिअस या दोन हाडांना जोडणाऱ्या पडद्यापासून तो सुरू होतो. तेथून तो तिरका उतरत मनगटाकडे येतो, तेथे त्याची कंडरा, म्हणजे स्नायूची ओढ हाडापर्यंत पोहोचवणारी चिवट दोरी, होते आणि ती कंडरा तर्जनीच्या मुळाशी जाऊन पोहोचते.

मनगटाच्या पाठीवर एक मजबूत आडवा पट्टा असतो आणि त्याच्याखाली सहा कप्पे असतात. बोटे उचलली की कंडरा धनुष्याच्या दोरीसारख्या वर उठू नयेत, म्हणून हा पट्टा त्यांना हाडाशी धरून ठेवतो. चौथ्या कप्प्यातून चारही बोटांना सरळ करणाऱ्या एक्स्टेन्सर डिजिटोरम या मोठ्या स्नायूच्या कंडरा जातात आणि त्यांच्या खालून, त्याच कप्प्यातून, आपली ही कंडराही जाते.

विच्छेदनाच्या टेबलाशी उभे राहिलेल्या विद्यार्थ्यांना हा स्नायू हमखास सापडत नाही. त्यांना मी एकच खूण सांगतो. वरच्या चार चपट्या, चकचकीत कंडरा चिमट्याने उचलून बाजूला करा आणि मनगटाच्या अगदी जवळ कोणत्या कंडरेला अजून तपकिरी मांसल तंतू चिकटलेले आहेत ते पाहा. शेजारच्या कंडरा तोपर्यंत निव्वळ दोरीसारख्या झालेल्या असतात, पण एक्स्टेन्सर इंडिसिसचे मांस मात्र सर्वांत खालपर्यंत, बहुधा आडव्या पट्ट्याच्या कडेपर्यंत, उतरलेले असते. हीच खूण शस्त्रक्रियेच्या वेळीही उपयोगी पडते.

बोट हलवणारा स्नायू बोटात का नसतो?

बोटांमध्ये मांसल स्नायू नसतातच. बोटे सडपातळ आणि चपळ राहावीत, तरी त्यांत जोर असावा, यासाठी जोर लावणारे जाड मांस कोपराखाली ठेवलेले असते आणि तेथून लांब कंडरांच्या साहाय्याने बोटे ओढली जातात. हातगाडीवरच्या कठपुतळीचे दोर वरून ओढावेत, तसेच हे आहे. बारीक नियंत्रणासाठी तळहातात काही छोटे स्नायू असतात. त्यांचा उल्लेख पुढे येईल.

तर्जनीला सरळ करणारा एक स्नायू आधीच असताना दुसरा कशासाठी?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो. त्याचे उत्तर वाचण्याआधी एक प्रयोग करून पाहावा. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधले बोट दुमडून त्याची मधली पेरे टेबलाला टेकवा आणि उरलेली बोटे सरळ राहू द्या. आता एकेक बोट वर उचला. अंगठा उठेल, तर्जनी उठेल, करंगळीही उठेल. अनामिका मात्र जागची फारशी हलणार नाही, जणू कोणी ती टेबलाला चिकटवून ठेवली आहे.

याचे कारण असे की एक्स्टेन्सर डिजिटोरमच्या कंडरा हाताच्या पाठीवर पूर्णपणे सुट्या नसतात. त्यांना एकमेकींशी जोडणारे तिरके पट्टे असतात आणि मधले बोट, अनामिका व करंगळी यांच्यामधील पट्टे विशेष घट्ट असतात. मधले बोट दुमडलेले असले की ते आपल्या कंडरेबरोबर अनामिकेच्या कंडरेलाही पुढे ओढून ठेवते, मग अनामिकेला उचलण्यासाठी लागणारी ओढ उरतच नाही. करंगळीला स्वतःचा एक वेगळा स्नायू आहे, म्हणून ती सुटते. तर्जनीला एक्स्टेन्सर इंडिसिस आहे आणि त्याच्या कंडरेला सहसा असे जोडपट्टे नसतात, म्हणून तर्जनीही सुटते. थोडक्यात, मोठा स्नायू चार बोटांचा सामाईक आहे आणि हा छोटा स्नायू तर्जनीचा खासगी आहे.

आपल्या भोवती याची उदाहरणे जागोजाग दिसतात. क्रिकेटचा पंच फलंदाजाला बाद देताना मूठ मिटून एकच बोट वर करतो. जपमाळ ओढताना मणी मधल्या बोटावरून अंगठ्याने सरकवायचे आणि तर्जनी माळेला लागू द्यायची नाही, अशी रीत आहे. जप संपेपर्यंत त्या बोटाला अलगद बाजूला धरून ठेवण्यात या स्नायूचा मोठा वाटा असतो. तबल्याचे उदाहरण तर मला फारच बोलके वाटते. दायावर ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या कडेला हलकेच टेकलेली असते आणि तर्जनी किनारीवर आघात करून लगेच उठते. आघात करणारे स्नायू तळहाताच्या बाजूचे; पण अनामिका खाली टेकलेली असतानाही तर्जनीला दर वेळी तत्परतेने उचलून पुढच्या आघातासाठी तयार ठेवणारा स्नायू हा आहे. द्रुत लयीत हे किती वेळा घडते, याचा विचार केला म्हणजे या बारीक स्नायूविषयी आदर वाटू लागतो.

हा स्नायू स्वतःच्या हातावर पाहता येतो का?

स्नायू खोल असल्यामुळे तो दिसत नाही, पण त्याची कंडरा जाणवते. मूठ सैलसर मिटा, फक्त तर्जनी ताठ करा आणि दुसऱ्या हाताचे बोट तर्जनीच्या मुळाच्या सांध्यामागे, हाताच्या पाठीवर फिरवा. तेथे शेजारी शेजारी दोन कंडरा असतात आणि त्यांपैकी करंगळीच्या बाजूची ती एक्स्टेन्सर इंडिसिसची. सडपातळ हातावर ही जोडी डोळ्यांनाही स्पष्ट दिसते. डॉक्टर तपासताना हेच करतात. फक्त ते तर्जनीवर वरून हलका दाब देऊन रुग्णाला ती खाली जाऊ न देण्यास सांगतात.

तर्जनी संपूर्ण सरळ करणे हे या एकाच स्नायूचे काम आहे का?

नाही. बोटाच्या मुळाचा सांधा, म्हणजे मूठ मिटल्यावर जो उंचवट्यासारखा वर येतो तो, मुख्यतः एक्स्टेन्सर डिजिटोरम आणि एक्स्टेन्सर इंडिसिस हे दोघे सरळ करतात. पुढच्या दोन पेरांचे सांधे सरळ करण्यात तळहातातील छोट्या स्नायूंचा, म्हणजे लम्ब्रिकल आणि इंटरॉसिआय यांचा, वाटा फार मोठा असतो. हे सगळे स्नायू बोटाच्या पाठीवरील टोपीसारख्या एका तंतुमय आवरणात येऊन मिळतात आणि तेथून पुढे एकत्र काम करतात. याखेरीज एक्स्टेन्सर इंडिसिस तर्जनीला थोडेसे मधल्या बोटाकडे ओढतो आणि मनगट मागे वळवण्यातही किरकोळ मदत करतो.

या स्नायूला कोणत्या मज्जातंतूकडून आज्ञा मिळते?

रेडिअल मज्जातंतूच्या एका खोल शाखेकडून, जिला पोस्टीरिअर इंटरॉसिअस म्हणतात. या शाखेत मानेतून निघणाऱ्या सातव्या आणि आठव्या मज्जामुळांचे तंतू असतात. एकेका स्नायूला फाटे देत ही शाखा खाली येते आणि बहुतेकांच्या हातात एक्स्टेन्सर इंडिसिस हा तिचा शेवटचा स्नायू असतो.

शेवटचा असण्याला व्यवहारात मोठे महत्त्व आहे. दंडाचे हाड मोडून रेडिअल मज्जातंतूला इजा झाली की मनगट आणि बोटे लुळी पडून खाली लोंबतात. इजा झालेले तंतू पुन्हा वाढू लागले तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला तीन सेंटिमीटरच्या आसपास पुढे सरकतात. म्हणून आधी कोपराजवळचे स्नायू जागे होतात, नंतर मनगट उठू लागते, मग बोटे उठू लागतात आणि तर्जनी स्वतंत्रपणे उचलण्याची ताकद बहुधा सर्वांत शेवटी परत येते. मनगट उचलता येऊ लागले तरी बोट अजून का उठत नाही, म्हणून हवालदिल झालेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक मी अनेकदा पाहिले आहेत. अशा वेळी उपचार फसला असे नसते. वाटच तेवढी लांब असते.

मनगट नीट उठते, पण बोटे उठत नाहीत, असे होऊ शकते का?

होऊ शकते. कोपराच्या थोडे खाली हीच खोल शाखा सुपिनेटर नावाच्या स्नायूच्या कमानीखालून जाते आणि तेथे ती दाबली गेली तर मनगट उठते, मात्र उठताना अंगठ्याच्या बाजूला झुकते, आणि बोटे मुळाशी सरळ होत नाहीत. या शाखेकडे त्वचेची संवेदना नसल्याने बधिरपणा जाणवत नाही. त्यामुळे हा आजार कंडरा तुटल्यासारखा भासतो. दोन्हींतला फरक ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. मनगट हळूच पुढे, तळहाताच्या बाजूला, वाकवले असता बोटे आपोआप सरळ झाली, तर कंडरा शाबूत आहेत आणि दोष मज्जातंतूत आहे, असे समजावे.

करंगळीला मुंग्या येतात, मग तपासणीत तर्जनीच्या स्नायूला सुई का टोचतात?

हा प्रश्न ईएमजी, म्हणजे सुई टोचून स्नायूतील विद्युत हालचाल पाहणारी तपासणी, करून आलेले रुग्ण विचारतात आणि त्यांचे आश्चर्य रास्त आहे. करंगळीच्या बाजूच्या मुंग्यांचे मूळ दोन ठिकाणी असू शकते: कोपराशी दबलेला अल्नर मज्जातंतू किंवा मानेतील आठवे मूळ. एक्स्टेन्सर इंडिसिसला त्या आठव्या मुळाचे तंतू मिळतात, पण ते रेडिअल मज्जातंतूतून. अल्नरशी त्याचा काहीही संबंध नसतो. म्हणून सुईच्या तपासणीत हा स्नायूही बिघडलेला आढळला तर संशय मानेकडे वळतो, आणि तो निर्दोष असेल तर कोपराकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

मनगटाच्या पाठीवर मधोमध दुखते आणि तर्जनी उचलली की वाढते. याचा या स्नायूशी संबंध असेल का?

असू शकतो. वर सांगितल्याप्रमाणे याचे मांस फार खालपर्यंत येते. मनगट पुढे वाकवून बोटे वापरत राहिल्यास ते मांस आडव्या पट्ट्याखालच्या अरुंद कप्प्यात ओढले जाते आणि तेथे घासून सूज येऊ शकते. मनगट पूर्ण पुढे वाकवून, दाबाविरुद्ध तर्जनी उचलताना नेमके त्याच जागी दुखले, तर हा संशय बळावतो. परंतु त्याच जागी गँगलिऑन (सांध्याजवळ येणारी द्रवाने भरलेली गाठ), सांध्याची झीज, संधिवात अशी इतर कारणेही असतात, त्यामुळे निदान तपासणीनेच व्हावे. बहुतेकांना विश्रांती, काही दिवस मनगटपट्टी आणि काम करताना मनगटाची ठेवण सुधारणे एवढ्याने बरे वाटते. संगणकाचा माउस हाताळताना क्लिक करण्याच्या तयारीत तर्जनी तासन्‌तास अधांतरी धरण्याची सवय अनेकांना असते. बोट बटणावर निवांत टेकवून ठेवावे.

हाताच्या पाठीवर काच लागली, पण तर्जनी उचलता येते. मग कंडरा शाबूत आहे असे समजावे का?

असे मुळीच समजू नये. तर्जनीला दोन कंडरा असल्याने त्यांपैकी एक पूर्ण तुटली तरी दुसरी बोट उचलते आणि जखम किरकोळ वाटते. काच, पत्रा, पतंगाचा मांजा यांनी झालेली जखम वरून बारीक दिसली तरी आत खोल असू शकते, कारण हाताच्या पाठीवर त्वचा पातळ असते आणि कंडरा लगेच तिच्याखाली असतात. जखमेनंतर इतर बोटे मिटून एकटी तर्जनी उचलून पाहावी आणि दुसऱ्या हाताशी तुलना करावी. ती अर्धवट उठत असेल, कमजोर वाटत असेल किंवा उचलताना दुखत असेल, तर टाके घालून घेण्याआधी डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे. ताजी कंडरा शिवणे सोपे असते. महिन्यांनंतर तिची टोके आखडून दूर गेलेली असतात.

अंगठा उचलता येत नाही म्हणून तर्जनीची कंडरा काढून अंगठ्याला जोडण्याचा सल्ला मिळाला आहे. हे काय आहे?

ही हाताच्या शस्त्रक्रियांमधील एक जुनी आणि भरवशाची शस्त्रक्रिया आहे. अंगठ्याला मागे खेचणारी लांब कंडरा मनगटापाशी रेडिअस हाडावरील एका उंचवट्याला वळसा घालून जाते. मनगटाजवळ हाड मोडल्यानंतर, विशेषतः हाड जागचे न सरकता नुसते तडकले असेल तेव्हा, काही रुग्णांमध्ये ही कंडरा अरुंद कप्प्यात घासून व रक्तपुरवठा कमी पडून काही आठवड्यांनी आपोआप तुटते. संधिवातातही असे घडते. तळहात टेबलावर पालथा ठेवून अंगठा छताच्या दिशेने उचलता आला नाही, की हे निदान जवळजवळ निश्चित होते. तुटलेली टोके झिजून विसविशीत झालेली असल्याने ती थेट जोडता येत नाहीत. मग शल्यविशारद तर्जनीच्या मुळाशी एक्स्टेन्सर इंडिसिसची कंडरा कापतात, मनगटापाशी बाहेर काढतात आणि त्वचेखालून नेऊन अंगठ्याच्या कंडरेत विणून शिवतात. दोन्ही कंडरांची लांबी, जोर आणि ओढण्याची दिशा एकमेकींशी चांगली जुळते, म्हणून ही निवड योग्य ठरते.

शिवणकाम करणाऱ्या एक काकू माझ्याकडे अशा शस्त्रक्रियेनंतर आल्या होत्या. प्लॅस्टर निघून महिना झाला होता आणि एके दिवशी कापड बेतताना कात्री मिटली ती उघडेचना, कारण अंगठा मागे जाईना. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी पट्टी काढून व्यायाम सुरू केला, तेव्हा त्या अंगठ्याकडे टक लावून पाहत राहिल्या आणि अंगठा हलला नाही. मी त्यांना म्हटले, “काकू, अंगठ्याकडे पाहू नका. दार कुठे आहे ते मला बोटाने दाखवा.” त्यांनी तर्जनी रोखण्याचा प्रयत्न केला आणि त्या क्षणी अंगठा उठला. मेंदूच्या लेखी तो स्नायू अजून तर्जनीचाच होता. पुढच्या काही आठवड्यांत ‘दार दाखवा’ म्हणण्याची गरज हळूहळू संपली आणि अंगठा केवळ अंगठा म्हणून उठू लागला. मज्जासंस्थेची ही नवे शिकण्याची क्षमता मी दर वेळी नव्याने अनुभवतो आणि दर वेळी मला तितकेच समाधान वाटते.

मग तर्जनी निकामी होते का?

होत नाही. मोठ्या स्नायूची कंडरा तेथे असतेच आणि रोजच्या कामात बहुतेकांना फरक जाणवत नाही. इतर बोटे मिटलेली असताना एकटी तर्जनी उचलण्याचा जोर मात्र थोडा कमी होतो. ज्याचे काम त्या स्वतंत्र हालचालीवर अवलंबून आहे, उदाहरणार्थ तबलावादक, त्याने हे शस्त्रक्रियेपूर्वी स्पष्टपणे बोलावे. अशा व्यक्तीसाठी अन्य कंडरेचा किंवा कंडरेच्या कलमाचा विचार करता येतो.

ही कंडरा आणखी कशासाठी वापरतात?

अंगठा इतर बोटांच्या समोर आणण्याची शक्ती गेली असेल तर हीच कंडरा करंगळीच्या बाजूने मनगटाला वळसा घालून, तळहाताच्या त्वचेखालून अंगठ्यापर्यंत नेता येते. अमेरिकन शल्यविशारद बर्खाल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये ही पद्धत मांडली. मीडिअन आणि अल्नर हे दोन्ही मज्जातंतू निकामी झालेल्या हातात तिचा विशेष उपयोग होतो, कारण रेडिअल मज्जातंतू शाबूत असल्यास हा स्नायू धडधाकट असतो. कुष्ठरोगात बहुधा अशीच स्थिती दिसते. कुष्ठरुग्णांच्या हातांवर कंडरांची जागा बदलून शस्त्रक्रिया करण्याचे पायाभूत काम डॉ. पॉल ब्रँड यांनी तमिळनाडूतील वेल्लोर येथे केले, याचा भारतातील प्रत्येक हस्तोपचारकाला अभिमान वाटावा.

सर्वांच्या हातात हा स्नायू सारखाच असतो का?

नाही. काहींमध्ये त्याची कंडरा दुहेरी असते, काहींमध्ये तिचा एक फाटा मधल्या बोटाला जातो, आणि क्वचित हा स्नायू नसतोही. माकडांच्या काही जातींत या थरातील कंडरा तर्जनीबरोबर मधल्या बोटालाही जातात. त्यामुळे माणसातील हा फाटा म्हणजे जुन्या रचनेची खूण मानता येते. आणखी एक प्रकार लक्षात ठेवण्याजोगा आहे: शंभरात दोन-तीन लोकांच्या हाताच्या पाठीवरच एक छोटा जादा स्नायू असतो. त्याची मऊ गाठ दिसते, बोटे ताणल्यावर ती घट्ट होते आणि पुष्कळदा तिला गँगलिऑन समजले जाते. घट्ट होणारी गाठ असेल तर कापण्याआधी सोनोग्राफी करून घ्यावी.

हा स्नायू बळकट करण्यासाठी वेगळा व्यायाम करावा का?

निरोगी हाताला त्याची गरज नसते. प्लॅस्टर निघाल्यावर बोटे आखडली असतील तर तळहात टेबलावर पालथा ठेवून तर्जनी हळू उचलावी, मनात पाच मोजेपर्यंत धरावी आणि तितक्याच हळू खाली आणावी. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. शस्त्रक्रिया झाली असेल तर मात्र शिवलेली कंडरा किती ओढ सहन करेल हे शल्यविशारदांनाच ठाऊक असते, तेव्हा त्यांनी सांगेपर्यंत बोट दाबाविरुद्ध उचलू नये.